बसथांब्यापुढचा दुर्ग

दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांत ‘गड’ हा शब्द उच्चारला गेला, की मुलांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. रायगड, प्रतापगड, सिंहगड ही नावे पाठ्यपुस्तकांतून, पोवाड्यांतून आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी ऐकलेल्या गोष्टींतून त्यांच्यापर्यंत पोचलेली असतात. ज्या राज्यात ही मुले वाढतात त्याच्या नावातच छत्तीस गड आहेत आणि ज्या शहराच्या कुशीत त्यांचे घर आहे त्याचे नावच दुर्ग आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे कारण उघड आहे. या मुलखातील बहुतेक गडांना उंची नाही. ते मातीचे होते. पावसाळ्यामागून पावसाळे गेले तसे ते विरघळून जमिनीला मिळाले. कड्यावरून खाली पाहावे असे येथे फारसे काही नाही. जे आहे ते पायांखाली आहे, आणि ते पाहायचे तर बसमधून उतरून चालावे लागते.

पद्मनाभपुरातून निघून सार्वजनिक बसने दोन तासांच्या आत गाठता येतील आणि पुढे रमतगमत पायी हिंडता येईल, अशी ठिकाणे या शहराच्या चहूबाजूंना आहेत. पश्चिमेस शिवनाथ नदी व तिच्या काठचे नगपुरा, उत्तरेस धमधा, पूर्वेस देवबलोदा, आग्नेयेस पाटन आणि खारून नदीचा काठ, दक्षिणेस बालोद व तांदुला जलाशय, आणि शिवनाथेपलीकडे राजनांदगाव. यांतले एकही ठिकाण पर्यटनाच्या रंगीत पुस्तिकांत अग्रस्थानी नसते. तथापि या मुलखाचा सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास या वाटांवर विखुरलेला आहे, आणि त्यात मराठी माणसाच्याही खुणा आहेत. त्या सगळ्याच अभिमानाने मिरवाव्यात अशा नाहीत.

प्रथम बसविषयी. बसगाड्या येण्यापूर्वी या भागातील प्रवासाला एकच सरळ रेषा होती, ती पूर्व-पश्चिम. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग आणि त्याला समांतर जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, ज्याला आजही सगळे जी. ई. रोड म्हणतात, या दोन दोरांना नागपूर, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर ही गावे ओवलेली होती. या रेषेच्या उत्तरेला वा दक्षिणेला जायचे झाले, तर बैलगाडी नाहीतर पाय. दक्षिणेकडे दल्ली-राजहराचा लोहमार्ग आला तो पुढे, कारखान्याला लोहखनिज हवे झाले तेव्हा. धमध्याला, पाटनला, गुंडरदेहीला जाणाऱ्या सामान्य माणसाला रस्ता खऱ्या अर्थाने उघडून दिला तो मोटारबसने.

महाराष्ट्रात एस.टी.चा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक असतो: १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, पहिली गाडी. येथील बसला अशी एक तारीख नाही. स्वातंत्र्याच्या वेळी दुर्ग जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. दुर्गच्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी माणसे जागची हलली नाहीत, राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली. काल ज्या नागपूरला आपल्याच प्रांतातले शहर म्हणून जायचे, तेथे आज परराज्यात म्हणून जायचे झाले. १९६२ साली मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम स्थापन झाले आणि निगमाच्या गाड्या खेड्यापाड्यांतून धावू लागल्या. २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाले; त्याने स्वतःचे परिवहन महामंडळ उभे केले नाही. तेव्हापासून येथे सार्वजनिक बस म्हणजे परवान्यावर धावणारी खाजगी बस, हेच समीकरण आहे. टपावर सायकली व पोती, दारात लोंबकळून गावांची नावे एका दमात ओरडणारा पोऱ्या, आणि भरल्याशिवाय न सुटणारी गाडी, ही या सेवेची ओळख. तिला वेळापत्रकाची शिस्त नसेल, पण हात केला तिथे ती थांबते, आणि पायी हिंडणाऱ्याला यापरते काय हवे!

दुर्गच्या बसस्थानकावरून जालबांधा मार्गाने जाणारी गाडी सुमारे चौदा किलोमीटरवर नगपुऱ्याला सोडते. आज हे गाव उवसग्गहरं पार्श्व तीर्थ या जैन तीर्थक्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे आणि दूरदूरचे यात्रेकरू थेट दारापर्यंत मोटारीने येतात. गावात कलचुरी काळाचे एक जुने शिवमंदिरही आहे. परंतु पायी आलेल्याने दोन्ही देवळे पाहून झाल्यावर नदीची वाट धरावी. शिवनाथ महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ प्रदेशातून निघते आणि दुर्गच्या पश्चिमेने उत्तरेकडे वाहत जाऊन शेवटी महानदीला मिळते. उन्हाळ्यात ती खडकांमधून वाट काढणारी ओढ्याएवढी धार असते. श्रावणात तिच्याकडे पाहून हीच ती नदी, यावर विश्वास बसत नाही.

या नदीला इतिहासात एक विशेष स्थान आहे. परंपरा सांगते की कलचुरी राजवंशाच्या रतनपूर आणि रायपूर अशा दोन शाखा झाल्या, तेव्हा शिवनाथच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरकडे आणि दक्षिणेचे अठरा रायपूरकडे आले. दुर्ग आणि पाटन ही दोन्ही नावे रायपूरच्या अठरांत आहेत. हे ‘गड’ म्हणजे केवळ तटबंदी नव्हे. एका गडाखाली साधारण चौऱ्याऐंशी गावे, त्यांचे बारा-बारा गावांचे सात गट, गटाला ‘बरहों’ म्हणत, त्यावर दाऊ, आणि प्रत्येक गावी गौंटिया, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे छत्तीसगड हे नाव किल्ल्यांपेक्षा गावांच्या जुळणीचे आहे. आजही एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्याला आदराने ‘दाऊ’ म्हणून हाक मारली जाते, त्या हाकेत ही जुनी व्यवस्था शिल्लक आहे.

या व्यवस्थेच्या शेवटाशी मराठ्यांचा संबंध येतो. १७४१ साली नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, इतिहासातील भास्कर पंत, पूर्वेकडील मोहिमेवर निघाले असता छत्तीसगडात उतरले. दुर्गच्या मातीच्या जुन्या किल्ल्याजवळ मराठ्यांनी तळ केला होता आणि तेथून मुलूख पादाक्रांत केला, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरांत आहे. रतनपूरचा वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला होता. प्रतिकार नावापुरताच झाला आणि रतनपूरकरांवर एक लाख रुपयांचा दंड बसला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. ते या मुलखात रमले. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांचे. दरबारात मराठी आणि मोडी आली ती त्यांच्यामुळे. दसऱ्याला सोने वाटण्याची येथील प्रथाही त्यांनीच सुरू केली असे मानले जाते. दुर्गच्या छत्तीसगढी शेजाऱ्याने दसऱ्याला मराठी घरी सोने आणून दिले, तर त्या पानामागे जवळजवळ अडीचशे वर्षे आहेत.

बिंबाजींनंतरचा काळ मात्र वेगळा. नागपूरने येथे सुभेदार पाठवण्यास आरंभ केला. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी गडांची जुनी जुळणी मोडून परगणे पाडले, त्यांवर कमाविसदार नेमले, आणि महसूल नागपूरकडे वाहू लागला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक आले, त्यांपैकी कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. सुभेदारांच्या काळाविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी फार कठोर लिहिले आहे. ज्यांनी राज्य घेतले त्यांनी आधीच्या राज्याला नावे ठेवणे ओघानेच आले, म्हणून ते लिखाण पारखूनच वाचले पाहिजे. तरीही महसूल येथे गोळा होई आणि खर्च नागपुरास होई, ही गोष्ट झाकण्यात हशील नाही. सह्याद्रीच्या गडांवर मराठी मुलाला आपले पूर्वज राखणदार म्हणून भेटतात. शिवनाथकाठी ते वसुलीला आलेले अधिकारी म्हणूनही भेटतात. दोन्ही भेटी व्हाव्यात, हे बरे.

नदीकाठच्या या चालण्यात आणखी एक गोष्ट घडते. शेताच्या धुऱ्यावरून जाताना भेटणाऱ्या माणसाशी बोलावे लागते, आणि बोलता बोलता कळते की त्याच्या छत्तीसगढीत ‘नांगर’ हा नांगरच आहे, टेकडीला ‘डोंगरी’ म्हणतात आणि बैलांचा सण ‘पोरा’ हा आपल्या पोळ्याचाच सख्खा भाऊ आहे. भात कापण्याआधीच ओलीवर फेकलेले लाखोळीचे पीक भंडाऱ्याकडच्या माणसाला ओळखीचे वाटते. मातीच्या जाती मात्र नव्याने शिकाव्या लागतात: काळी ‘कन्हार’, पिवळसर ‘मटासी’, दोहोंच्या मधली ‘डोरसा’, आणि जिच्यावर काही पिकत नाही ती मुरमाड ‘भाठा’. ही चार नावे कळली की वाटेवरचे शेत वाचता येते.

उत्तरेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर धमधा. येथे गोंड राजांचे ठाणे होते. त्यांच्या गढीचे अवशेष आणि भोवतालचे तलाव पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. धमध्याची ख्याती एका वाक्यात सांगितली जाते: छै आगर छै कोरी तरिया. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तलाव. जुन्या मराठीत विसाच्या गणनेला ‘कोडी’ म्हणत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. एकशे सव्वीस ही संख्या कोणी मोजून काढली की तोंडी लागणारी म्हणून रूढ झाली, हा प्रश्न येथे गौण आहे. गढीभोवतीचे तलाव संरक्षणाचे, गावातले वापराचे, गावाबाहेरचे शेतीचे, अशी पाण्याची सोय होती आणि ती माणसांनी कुदळ-फावड्याने केली होती. त्या तलावांपैकी आज थोडेच शिल्लक आहेत. तलावाच्या पाळेवरून चालत जावे, पायऱ्यांच्या घाटाला येथे ‘पचरी’ म्हणतात ते लक्षात ठेवावे, आणि परतीच्या बसची वाट पाहत चौकात चहा घ्यावा.

जी. ई. रोडने रायपूरकडे निघालेली कोणतीही बस भिलाई-तीन किंवा चरोद्याला उतरवते. तेथून देवबलोद्याची वाट रेल्वेच्या अवाढव्य यार्डाच्या शेजाराने जाते. मालगाड्यांची रांग संपता संपत नाही, डब्यांचे डब्यांना बसणारे हिसके ऐकू येतात, आणि मग अचानक झाडांच्या सावलीत तलाव आणि दगडी मंदिर दिसते. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालील हे शिवमंदिर कलचुरी काळातले, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातले. खांबांचा मंडप, त्याहून खाली उतरून जावे लागणारे गर्भगृह, समोर नंदी, आणि बाहेरच्या भिंतींवर थरावर थर: हत्तींच्या रांगा, शिकारीचे प्रसंग, नर्तक-वादक, देवदेवता, मिथुने. शिखर मात्र नाही.

ज्याला शिखर नाही, त्याला कथा असते. देवबलोद्याची कथा अशी सांगतात, की सहा महिन्यांची एकच रात्र झाली होती आणि त्या रात्रीत एक शिल्पी एकटाच हे मंदिर घडवीत होता. कामात तो इतका बुडालेला असे, की अंगावर वस्त्राचेही भान नसे. जेवण घेऊन रोज पत्नी येई. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. तिला पाहताच लज्जेने त्याने मंदिराशेजारच्या कुंडात उडी घेतली. डोक्यावर पाण्याचा घडा घेतलेल्या बहिणीनेही जवळच्या तलावात देह टाकला, म्हणून त्या तलावाचे नाव ‘करसा’. शिल्पी भुयारातून थेट आरंगला निघाला आणि तेथे दगड होऊन राहिला. मंदिराचे शिखर तसेच राहिले.

या कथेत इतिहास शोधू नये, पण ती टाकूनही देऊ नये. आरंग येथे महानदीच्या खोऱ्यात ‘भांड देऊळ’ नावाचे प्राचीन जैन मंदिर आहे. दोन गावांचे दगडकाम एकमेकांशी जोडण्याचा लोकस्मृतीचा हा मार्ग असावा. या मंदिरावर राबलेल्या कोणा शिल्पकाराचे नाव लोकांच्या तोंडी नाही. लोकांनी त्याला नाव दिले नाही, पण एक बहीण दिली, एक लाज दिली आणि एक मृत्यू दिला. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी बसला उभे राहायलाही जागा नसते. एरवीच्या दिवशी मात्र दुपारच्या उन्हात भिंतींवरील हत्ती मोजत बसलेल्या मुलाला कोणी हटकत नाही.

पाटनकडील वाट तुलनेने साधी आहे. सपाट भातशेते, कालवे, मधूनमधून आंब्याची झाडे. तरीघाट हे खारून नदीकाठचे गाव मात्र वगळता येणार नाही. २०१२-१३ पासून राज्याच्या पुरातत्त्व विभागाने येथील मातीच्या टेकाडांवर उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वीच्या काळापासून नांदत्या नगराचे अवशेष उजेडात आणले: घरांच्या रांगा, रस्ते, मणी, मातीच्या मूर्ती आणि कुषाण-सातवाहन काळातील नाणी. पैठण-जुन्नरच्या सातवाहनांचे नाव खारूनच्या काठी पुन्हा भेटावे, याचे नवल वाटते. व्यापाराला सीमा नसतात हे खरे. पण ते पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या टेकाडावरून नदीचा उतार पाहणे निराळे.

सर्वांत सांगण्यासारखी वाट दक्षिणेची. दुर्गहून गुंडरदेहीमार्गे बालोद साठ किलोमीटरच्या आत आहे. १ जानेवारी २०१२ रोजी बालोद स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो दुर्गचाच भाग होता. बालोदजवळ तांदुला जलाशयाचा मातीचा लांबच लांब बांध आहे. त्यावरून चालताना एका बाजूला समुद्रासारखे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेली हिरवी शेते दिसतात. हे दृश्य सुंदर आहे, पण ते ज्यातून निर्माण झाले ते सुंदर नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगड उद्ध्वस्त केले. १९०६ साली रायपूर व बिलासपूर जिल्ह्यांचे तुकडे जोडून दुर्ग जिल्हा तयार झाला, तेव्हा त्या क्षेत्राची १९०१ ची लोकसंख्या ६,२८,८८५ भरली. दहा वर्षांत ती वीस टक्क्यांनी घटली होती. पाच माणसांतले एक नाहीसे झाले, कोणी मेले, कोणी चहाच्या मळ्यांकडे किंवा खाणींकडे निघून गेले. खुद्द दुर्ग शहर त्या वेळी ४,००२ वस्तीचे, कासे आणि सुती कापड यांसाठी ओळखले जाणारे गाव होते. तमेरपारा हे मोहल्ल्याचे नाव त्या कासाराच्या भट्ट्यांची आठवण आजही राखून आहे.

भातावर जगणाऱ्या मुलखाला पाऊस चुकला की दुसरा आधार नाही, हा त्या दुष्काळांचा धडा होता. त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी तांदुला आणि सूखा नाला यांच्या संगमावर हा बांध आणि त्याचे कालवे उभे राहिले. शेतीसाठी अडवलेल्या या पाण्याला अर्ध्या शतकानंतर दुसरा धनी मिळाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाला पाणी लागते. ते तांदुल्याच्या कालव्यातून मरोद्याच्या तलावात आणि तेथून कारखान्यात येऊ लागले. गोंदलीचा जलाशय त्याच्या मदतीला आला. (छत्तीसगढीत गोंदली म्हणजे कांदा. एवढ्या मोठ्या कारखान्याला पाणी पाजणाऱ्या जलाशयाचे नाव कांद्याचे असावे, ही गंमत मराठी प्रवाशाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.)

भिलाईच्या पहिल्या पिढीतील मराठी कामगार-कर्मचारी नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती अशा ठिकाणांहून येथे आले. सेक्टरांची आखीव वस्ती, पाळीचे भोंगे, शाळा, इस्पितळ, गणेशोत्सव असे त्यांचे जग झाले. ज्या गावांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले त्या गावांशी त्यांचा संबंध दूधवाल्यापुरता आणि भाजीवालीपुरता उरला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी झोप हवी असते. तरी एवढे खरे, की दोन पिढ्यांनी या मुलखाला कारखान्याभोवतीची मोकळी जागा मानले. नळाला येणारे पाणी कोणत्या बांधामागून येते आणि तो बांध कोणत्या उपाशी वर्षांमुळे बांधला गेला, हे त्या पिढ्यांच्या मुलांना कोणी दाखवले नाही. बालोदची बस मात्र तेव्हाही जात होती.

बालोदहून धमतरीच्या रस्त्याने आणखी पुढे गेले की करकाभाट लागते. येथे रस्त्याच्या कडेला, शेतांत, झुडुपांत उभे-आडवे दगड दिसतात. प्रथम ते कोणी शेत साफ करताना फेकलेले वाटतात. ते दफनस्थळांवरचे दगड आहेत, लोहयुगातले. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी येथे उत्खनन केले आणि लोखंडाच्या वस्तू मिळाल्या. नागपूरजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरी येथील शिळावर्तुळे विदर्भातून आलेल्यांना ऐकून तरी माहीत असतात. तेथे दगड वर्तुळात मांडलेले आहेत, येथे ते उभे रोवलेले आहेत. मृताच्या नावे दगड उभा करण्याची रीत बस्तरच्या गोंड समाजांत आजतागायत चालू आहे, म्हणून करकाभाटचे दगड केवळ मेलेल्या काळाचे म्हणता येत नाहीत. आणि या सगळ्यांच्या शेजारी धुराडे उभे आहे ते सहकारी साखर कारखान्याचे! कोल्हापूर-सांगलीचा पाहुणा बरोबर असेल तर त्याला हे दृश्य दाखवल्याशिवाय परतू नये.

राजनांदगावास बसने जाण्यात कष्ट काहीच नाहीत. तीस किलोमीटरचा रुंद रस्ता आहे. १९७३ पर्यंत तेही दुर्ग जिल्ह्यातच होते. राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या मधोमध जुन्या राजवाड्याच्या आवारात दिग्विजय महाविद्यालय आहे. १९५८ पासून १९६४ मधील अखेरच्या आजारपणापर्यंत गजानन माधव मुक्तिबोध येथे शिकवीत होते आणि याच तलावांकाठी राहत होते. घरी मराठी बोलणारा हा माणूस हिंदीचा युगप्रवर्तक कवी झाला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मान्यवर कवी, कादंबरीकार आणि समीक्षक, १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. एकाच घरातून दोन भाषांना दोन मोठे लेखक मिळाले. मराठी माध्यमाच्या शाळेतून बाहेर पडून हिंदीच्या जगात पाऊल टाकणाऱ्या दुर्ग-भिलाईच्या मुलांना या तलावाकाठी अर्धा तास बसण्याचे कारण वेगळे सांगायला नको. त्यांच्याही आधी, १९०० साली, माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. विठ्ठलराव दिनकरांच्या वसुलीचे ऋण कोणी फेडायचे असेल, तर ते अशा लोकांनी काही अंशी फेडले.

या साऱ्या वाटा आजही आहेत, पण त्यांपर्यंत नेणारी बस आटत चालली आहे. घराघरांत मोटारसायकल आली, मोटार आली. मुख्य रस्त्यांवर गाड्या भरपूर, आडरस्त्यांवर दिवसाच्या एक-दोन, आणि प्रवासी कमी म्हणून त्याही केव्हा बंद पडतील याचा नेम नाही. दुर्ग-भिलाईत सुरू झालेल्या शहर बसगाड्या कोरोनाच्या टाळेबंदीत उभ्या राहिल्या. शाळांच्या सहली निघतात त्या भाड्याची गाडी करून, सकाळी मैत्रीबागेच्या दाराशी किंवा रायपूरच्या एखाद्या उद्यानाशी उतरण्यासाठी. मोटारीने जाणारा देवबलोद्याला दहा मिनिटांत पोचतो आणि पंधरा मिनिटांत परततो. यार्ड, करसा तलाव आणि वाटेवरची घरे त्याला दिसत नाहीत. शहराच्या कडेची भातशेते प्लॉट होऊन कुंपणात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर धुऱ्यांवरच्या पायवाटाही. ज्या घरी मोटार नाही, त्या घरच्या मुलाला तर बस गेली म्हणजे तांदुलाही गेला.

पालकांनी मुलांना घेऊन निघायचे, तर दिवाळीनंतर भात कापणीला आलेला असतो तेव्हापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात मटासी माती बुटाला अशी धरते की चार पावलांत पाय जड होतात, आणि वैशाखातले ऊन अंगावर घेऊ नये. सुरुवात देवबलोद्यापासून करावी. अंतर कमी, बस मुबलक. मग नगपुरा, मग धमधा. बालोदसाठी पहाटेची गाडी धरावी, आणि करकाभाट त्याच दिवशी करण्याचा हट्ट लहान मुले बरोबर असताना धरू नये. पाणी आणि शिदोरी घरून न्यावी. शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारावे. सहसा नाही म्हणत नाहीत, उलट लाखोळीच्या ओल्या शेंगा हातावर ठेवतात. शिवनाथच्या पात्रात उतरण्याआधी गावात पाण्याची चौकशी करावी. आणि उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावे, परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि ती कोणत्या चौकात थांबते. त्याने सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच तेथे येऊन बसावे.